लोगोखालची ती एक ओळ

आय-कार्डवर असते, मार्कशीटवर असते, कॉलेजच्या फाटकावरही असते. आपण रोज तिच्याखालून ये-जा करतो आणि ती वाचत मात्र नाही. वाचून बघा. ती ओळ म्हणजे तुम्हाला दिलेला शब्द आहे.

एक काम करा. गळ्यातलं, खिशातलं, नाहीतर बॅगेच्या तळाशी पडलेलं आय-कार्ड हातात घ्या. वर कॉलेजचं नाव, मध्ये आपला तो कुणालाच दाखवावासा न वाटणारा फोटो आणि कोपऱ्यात लोगो. लोगोत दिवा असेल, उघडलेलं पुस्तक असेल, नाहीतर उगवता सूर्य असेल. त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ असेल. बहुतेक संस्कृतात.

वाचलीय कधी?

खरं सांगते, मी नव्हती वाचली. तीन वर्षं कार्ड गळ्यात घालून फिरले, लायब्ररीत दाखवलं, बसच्या पासासाठी झेरॉक्स काढली. पण ती ओळ कधी वाचली नाही.

आज मात्र आधी दुसऱ्याच एका कॉलेजच्या ओळीबद्दल सांगायचंय. कारण तिनं मला एकदा अडवलं होतं.

बारावीचं वर्ष. मार्क बरे होते. सर म्हणाले, "मुंबईलाही एखादा फॉर्म भरून बघ." अर्धापूरला आमच्या गच्चीवर एका कोपऱ्यातच नीट रेंज यायची. तिथं उभं राहून मी मोबाइलवर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजची माहिती उघडली. दगडी इमारत, कमानी, अंगणातली झाडं. आणि लोगोखाली एक ओळ : 'प्रोव्होकान्स आद व्होलांदुम'. इंग्रजी तर नव्हतं. मग काय होतं? दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. मनात आलं, जिथल्या पाटीवरचं आपल्याला कळत नाही, तिथल्या वर्गात काय कळणार?

खालून अप्पांनी आवाज दिला, "काय बघूलालीस गं एवढा वेळ?"

"काही नाही," म्हटलं आणि पेज बंद केलं.

फॉर्म भरलाच नाही. घरच्यांनी अडवलं नव्हतं. पैशाचा विषय तर निघेपर्यंत गोष्ट गेलीच नाही. मीच अडले, एका ओळीला.

चारेक वर्षांनी एका वर्कशॉपसाठी मुंबईला गेले. सीएसएमटीहून चालत निघालो, तर समोरून येणाऱ्या एका मुलाच्या हूडीवर तीच ओळ. परतीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मनमाडच्या आसपास झोप येईना, म्हणून मोबाइल काढला आणि अर्थ शोधला.

अर्थ होता : 'उडायला चेतवणारा'.

आधी हसू आलं, मग घशाशी काहीतरी आलं. जी ओळ मला 'उड' म्हणत होती, ती कळली नाही म्हणून मी उडालेच नाही. नांदेडला शिकले, छान शिकले, त्याची खंत नाही. पण त्या रात्रीपासून मला एक नाद लागला. कॉलेजं आणि विद्यापीठं आपल्या लोगोखाली काय लिहितात, कुठून आणतात आणि का लिहितात, ते शोधायचा. जे सापडलं ते तुम्हाला सांगते. कारण तुमच्यापैकीही कुणीतरी आत्ता एखाद्या गच्चीवर मोबाइल धरून उभं असेल.

गरुड आणि त्याचं घरटं

सेंट झेवियर्स १८६९ मध्ये सुरू झालं. ते जर्मन जेझुइटांनी काढलं. जेझुइट म्हणजे कॅथलिक ख्रिस्ती धर्मातला संन्याशांचा एक संघ. इग्नेशियस लोयोलांनी तो स्थापन केला आणि १५४० मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली. त्यांच्या पहिल्या साथीदारांपैकी एक म्हणजे १५४२ मध्ये गोव्याला आलेले फ्रान्सिस झेवियर. कॉलेजचं नाव त्यांच्यावरून.

आता ती ओळ. ती बायबलमधली आहे. बायबलच्या पाचव्या पुस्तकाला मराठीत 'अनुवाद' म्हणतात. त्याच्या बत्तिसाव्या अध्यायात मोशेचं शेवटचं गीत आहे. मोशे म्हातारा झालाय. गुलामीतून सुटलेल्या आपल्या लोकांना त्यानं चाळीस वर्षं वाळवंटातून चालवत आणलंय. आता तो त्यांना आठवण करून देतोय की देवानं तुम्हाला कसं सांभाळलं. तिथं त्याला गरुड आठवतो. गरुड पिल्लांना उडायला चेतवतो, त्यांच्यावर घिरट्या घालतो, पंख पसरतो आणि त्यांना उचलून वाहून नेतो. देवानं आपल्या लोकांसाठी तेच केलं, असं मोशेचं म्हणणं.

गंमत बघा. मूळ हिब्रूत गरुड आपलं घरटं हलवतो, असं आहे. ते लॅटिनमध्ये आणताना 'पिल्लांना उडायला चेतवणारा' असं झालं. 'प्रोव्होकान्स' हा शब्द ओळखीचा वाटतो ना? 'मला प्रोव्होक करू नको' म्हणतो तोच. आपल्याकडे तो भांडणात वापरतात. मुळात त्याचा अर्थ 'हाक मारून बाहेर बोलावणं' असा आहे. म्हणजे हे कॉलेज मुलांना अधिकृतपणे 'प्रोव्होक' करतं!

पण मला अडकवलं ते पुढच्या भागानं. लोगोवर वाक्याचा पहिला तुकडाच आलाय, उडायला चेतवणारा. पंख पसरून उचलून घेणारा भाग लोगोवर नाही. तो पुस्तकात राहिला. खरं तर दोन्ही मिळूनच अर्थ पूर्ण होतो. घरटं हलवणं सोपं आहे. पिल्लू खाली पडू नये म्हणून पंख पसरून थांबणं अवघड आहे.

हे डोक्यात ठेवा. पुढं लागणार आहे.

उजेड कुणाचा?

जेझुइटांचं स्वतःचं ब्रीद वेगळं आहे : 'आद मायोरेम देई ग्लोरियाम', म्हणजे देवाच्या अधिकाधिक महिमेसाठी. त्यांच्या अनेक शाळांत मुलं पेपराच्या वर या चार शब्दांची आद्याक्षरं लिहायची. ऐकलं आणि लगेच आठवलं, आपण वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहितो ना, अगदी तसंच! फरक एवढाच की आपण 'श्री' लिहून नव्या कामाची शुभ सुरुवात करतो. तिथं सांगायचं असतं की हा पेपर मी माझ्या मार्कांसाठी लिहीत नाहीये. पेपर गणिताचा का असेना, तो देवाच्या चरणी. अभ्यास हीच प्रार्थना, हा त्यामागचा विचार.

जगभरच्या कॅथलिक विद्यापीठांच्या ओळी वाचत गेले तर एक शब्द सारखा भेटायला लागला : 'लुक्स'. म्हणजे उजेड. तीन ओळी शेजारी ठेवून बघा.

अमेरिकेत वॉशिंग्टनला १८८७ मध्ये सुरू झालेलं कॅथलिक विद्यापीठ म्हणतं, 'देउस लुक्स मेआ एस्त'. देव माझा उजेड आहे. ही कल्पना स्तोत्रसंहितेतली. इंग्लंडच्या ऑक्सफर्डची ओळही त्याच स्तोत्रातून आलीय.

फिलिपिन्समधलं जेझुइटांचं आतेनेओ द मनिला विद्यापीठ म्हणतं, 'लुक्स इन दोमिनो'. प्रभूमध्ये उजेड. संत पौलाच्या एका पत्रात ही कल्पना आहे. तुम्ही एकेकाळी अंधार होता, आता प्रभूमध्ये उजेड झाला आहात.

आणि आपल्या चेन्नईचं १९२५ चं लोयोला कॉलेज म्हणतं, 'लुचेआत लुक्स व्हेस्त्रा'. तुमचा उजेड पडू द्या. हे येशूचं डोंगरावरच्या प्रवचनातलं. दिवा लावून कुणी टोपलीखाली ठेवत नाही, दिवठणीवर ठेवतं.

तिन्हींत शब्द एकच आहे, उजेडाची दिशा मात्र बदलत जाते. आधी उजेड बाहेरून माझ्याकडे येतो. मग मीच उजेड होतो. मग तो दुसऱ्यांपर्यंत जातो. फर्स्ट इयर, सेकंड इयर, थर्ड इयर म्हणा हवं तर!

आणखी एक ओळ मला फार आवडली. अमेरिकेतलं १७८९ चं जॉर्जटाउन विद्यापीठ : 'उत्राक्वे ऊनुम'. दोन्ही मिळून एक. पौलाच्या त्याच पत्रात ज्यू आणि ज्यू नसलेले यांच्यामधली भिंत पाडून येशूनं दोघांना एक केलं, असं म्हटलंय. हा झाला धार्मिक अर्थ. विद्यापीठात येऊन त्याच शब्दांना दुसराही अर्थ मिळाला. श्रद्धा आणि ज्ञान, दोन्ही मिळून एक. ओळ एकच. पण जिथं जाईल तिथलं पाणी पिते.

पण लॅटिनच का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. माझ्याही आला. आज लॅटिन कुणाची मातृभाषा नाही. मग लिहायचं कुणासाठी?

याचं उत्तर शोधताना धक्का बसला. बायबलचं गाजलेलं लॅटिन भाषांतर मुख्यतः संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस हाती घेतलं. त्याला 'व्हल्गेट' म्हणतात. शब्दाचा अर्थ : सर्वसामान्यांत रुळलेलं. तेव्हा रोमच्या आसपासच्या माणसांना लॅटिन कळत होतं, हिब्रू आणि ग्रीक कळत नव्हतं. म्हणजे जी भाषा मला गच्चीवर भिंतीसारखी वाटली, ती एकेकाळी लोकांना कळावं म्हणूनच निवडली होती. आपल्या ज्ञानेश्वरांनी संस्कृतातली गीता मराठीत आणली, त्यामागची तळमळ याच जातीची.

पुढं लोकांच्या बोलीभाषा बदलल्या. लॅटिन चर्च आणि विद्यापीठांपुरती उरली. शेकडो वर्षं कॅथलिक चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. समोर बसलेल्या कितीतरी जणांना ती कळत नव्हती. १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिच्यातून स्थानिक भाषेत उपासना करायची वाट मोकळी झाली. मग वसईच्या चर्चमध्ये मराठीत मिस्सा व्हायला लागली. लॅटिन वेदीवरून उतरली. लोगोवर मात्र राहिली.

याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आपल्या मराठवाड्याला ते ठाऊक आहेत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष तेच होते. कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष! त्यांनी बायबल आजच्या सोप्या मराठीत आणलं. नाव ठेवलं 'सुबोध बायबल'. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये ते गेले.

त्यांच्याही चारशे वर्षं आधी थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले. लॅटिन त्यांच्या शिक्षणाची भाषा. पण लोकांना येशूची कथा सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी लॅटिन बाजूला ठेवली आणि मराठीत, आपल्या ओवीत, 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठी भाषेचं त्यांनी त्यात केलेलं कौतुक आजही भाषणांत ऐकू येतं. ज्याला खरंच काही सांगायचं असतं, तो समोरच्याची भाषा शिकतो.

पुण्यात याचं एक बोलकं उदाहरण आहे. धर्मगुरू घडवण्यासाठी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला एक सेमिनरी काढली. तिच्यासाठी लॅटिन वाक्य निवडलं. त्याचा आशय असा की, हे भारता, तुझीच मुलं तुझ्या तारणाची सेवा करतील. हा अर्थ उघडउघड धार्मिक आहे आणि युरोपातून पाद्री आणण्याऐवजी इथलेच घडवायचे, हा निर्णयही त्यात आहे. १९५५ मध्ये ही संस्था पुण्याला आली. आज तिथं शेजारी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकवणारी जी कॅथलिक संस्था आहे तिचं नाव आहे 'ज्ञानदीप'. पुन्हा उजेडच. पण या वेळी आपल्या शब्दांत.

आता आपल्या ओळी

लॅटिनला नावं ठेवायच्या आधी जरा स्वतःकडे बघूया. आपलं संस्कृत आपल्याला कितीसं कळतं?

मुंबई विद्यापीठ, स्थापना १८५७. ब्रीद : 'शीलवृत्तफला विद्या'. चारित्र्य आणि वर्तन हे विद्येचं फळ. पॅकेज नव्हे, प्लेसमेंट नव्हे, वागणूक. सेंट झेवियर्स याच विद्यापीठाशी संलग्न. म्हणजे तिथला विद्यार्थी एकाच वेळी दोन ओळींच्या सावलीत शिकतो. एक लॅटिन सांगते 'उड', दुसरी संस्कृत सांगते 'नीट वाग'. आपल्या आई-वडिलांचंही एसटीत बसवून देताना हेच दोन वाक्यांचं भाषण असतं!

पुणे विद्यापीठाच्या जुन्या बोधचिन्हावर होतं : 'यः क्रियावान् स पण्डितः'. जो करून दाखवतो तो पंडित. हे महाभारतातल्या यक्षप्रश्नांतलं. तळ्याकाठी भाऊ निपचित पडलेत, यक्ष एकामागून एक प्रश्न विचारतोय आणि युधिष्ठिर उत्तरं देतोय. व्हायव्हाचा यापेक्षा अवघड प्रसंग कुणावर आला नसेल. आणि तिथं उत्तर निघतं की नुसतं वाचणारा पंडित नाही.

महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचं, एसएनडीटीचं ब्रीद : 'संस्कृता स्त्री पराशक्तिः'. शिकून सुसंस्कृत झालेली स्त्री ही परमशक्ती. मुलींनी शिकावं की नाही यावर वाद चालायचे, त्या काळात हे लोगोवर लिहिणं म्हणजे सरळ आव्हान होतं.

आणि एक ओळ तर तुम्ही कितीतरी शाळा-कॉलेजांच्या फाटकावर बघितली असेल : 'सा विद्या या विमुक्तये'. जी मुक्त करते ती विद्या. ही विष्णुपुराणातली. तिथं मुक्ती म्हणजे मोक्ष, कर्माच्या बंधनातून सुटका. १९२० मध्ये गांधीजींनी गुजरात विद्यापीठ काढलं आणि हेच ब्रीद घेतलं. त्यांनी मुक्तीचा अर्थ रुंद केला. आत्म्याची मुक्ती तर आहेच, पण गुलामीतूनही मुक्ती.

मराठवाड्यात 'मुक्ती' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? १७ सप्टेंबर. १९४८ मध्ये त्या दिवशी निजामाच्या राजवटीतून सुटका झाली. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ. संन्याशाची वस्त्रं घातलेला माणूस राजकीय मुक्तीसाठी तुरुंगात जातो. मोक्ष आणि स्वातंत्र्य एकाच आयुष्यात. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीच्या आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि त्याची स्थापनाही १७ सप्टेंबरचीच, १९९४ ची. आपल्या मार्कशीटवर ते नाव छापलेलं असतं. मला विचाराल तर ते नाव हेच एक ब्रीद आहे, कुठल्याही भाषांतराची गरज नसलेलं.

तेव्हा झेवियर्सची ओळ असो की फाटकावरची संस्कृत ओळ, गोष्ट एकच. धर्मग्रंथातून शब्द उचलला, संस्थेच्या दारावर लावला, आणि पिढ्यांमागून पिढ्या न वाचताच खालून निघून गेल्या.

ब्रीद म्हणजे दोरी

हा लेख लिहायला घेतला तेव्हा एक दिवस केळीच्या बागेत अप्पांसोबत होते. घड उतरवायचं काम चाललं होतं. मी सहज विचारलं, "अप्पा, ब्रीद म्हणजे काय हो?"

अप्पा दहावीपर्यंत शिकलेले, पण दरवर्षी पंढरीला जातात. हातातला कोयता खाली ठेवून म्हणाले, "ब्रीद म्हणजे देवाला धरायची दोरी."

मला कळेना. मग त्यांनी नामदेवांची गोष्ट सांगितली. नामदेवांचं नरसी आपल्याच भागातलं, हिंगोली जिल्ह्यातलं. विठ्ठलाचं ब्रीद काय, तर पतितपावन. नामदेव त्याच्या दारात उभे राहून त्यालाच सुनावतात, की तुझं हे नाव ऐकून आलो होतो, पण तू काही तसा दिसत नाहीस, तेव्हा आम्ही निघालो परत. अप्पा हसून म्हणाले, "देव घाबरला असंल ना तवा? नाव लावलंय म्हटल्यावर तसं वागावं लागतंय. नायतर लेकरू दारातून माघारी जातंय."

लेकरू दारातून माघारी जातं. मला गच्ची आठवली.

त्या क्षणी हा सगळा विषय माझ्यासाठी उलटा फिरला. तोपर्यंत मी ब्रीदवाक्यांचे अर्थ गोळा करत होते. कुठल्या पुराणातलं, कुठल्या स्तोत्रातलं. ते करायलाच हवं, कारण मुळातला अर्थ कळल्याशिवाय काय कबूल केलंय ते कळत नाही. पण तिथं थांबायचं नाही. आपल्या संतांनी ब्रीदाचा अर्थ लावला आणि मग देवालाच जाब विचारला. ब्रीद हा मिरवायचा शब्द नाही, पाळायचा शब्द आहे. आणि ज्याला तो दिलाय त्याला तो मागायचा हक्क आहे.

मग आता ते गरुडाचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवा. कुठलंही कॉलेज 'उडा' म्हणू शकतं. पोस्टरवर लिहायला काही पडत नाही. प्रश्न असा की पंख कुठं आहेत? होस्टेल आहे का? स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला मदत करणारं कुणी आहे का? गावाकडून आलेली मुलगी पहिल्याच तासाला इंग्रजी न कळल्यानं मागच्या बाकावर सरकते, तेव्हा तिच्याकडे कुणी बघतं का? हे नसेल तर तो गरुड नाही, घरट्यातून नुसता धक्का आहे.

शब्द पाळल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिचं ब्रीद साध्या मराठीत : 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद'. ना लॅटिन, ना संस्कृत. बोधचिन्ह वडाचं झाड. स्वावलंबन म्हणून मुलांना वाऱ्यावर सोडलं नाही. १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र जेवतील असं. 'कमवा आणि शिका' ही वाट दाखवली. आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. लोगोखालची ओळ खरी करायला काय लागतं, ते यावरून कळतं.

मग करायचं काय?

फार काही नाही. तीन साध्या गोष्टी.

एक : आपल्या कॉलेजची ओळ वाचा. कळली नाही तर संस्कृतच्या, मराठीच्या मॅडमना विचारा. कळत नाही यात लाज नाही. लाज वाटून पेज बंद करण्यात नुकसान आहे, हे माझ्याकडून लिहून घ्या.

दोन : ती कुठून आली ते शोधा. गीता, उपनिषद, बायबल, धम्मपद, अभंग, कुठूनही आली असेल. मूळ गोष्ट वाचली की ओळ जिवंत होते. तुमचा धर्म वेगळा असला तरी बिघडत नाही. मोशेचा गरुड समजून घ्यायला ख्रिस्ती असावं लागत नाही आणि यक्षाचा प्रश्न समजायला हिंदू असावं लागत नाही.

तीन : मग नामदेवांसारखं दारात उभं राहा आणि आदरानं विचारा, की हे जे वर लिहिलंय, ते आत कुठं आहे? कॉलेजच्या कौन्सिलमध्ये विचारा, गॅदरिंगच्या भाषणात विचारा, नॅकची टीम येते तेव्हा विचारा. आणि हो, आरशातही विचारा. 'जो करून दाखवतो तो पंडित' लिहिलेल्या कार्डवर आपण गाइड पाठ करून पास होत असू, तर ब्रीद एकट्या कॉलेजनं मोडलेलं नाही.

परवा आमच्या गल्लीतली बारावीची एक मुलगी मोबाइल घेऊन घरी आली. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांची यादी काढून बसली होती. एका लोगोवर बोट ठेवून म्हणाली, "ताई, हे काय लिहिलंय? लईच अवघड दिसतंय. आपल्यासाठी नसंल ना हे?"

मी तिला अर्थ सांगितला. गरुडाची गोष्ट सांगितली. राहिलेलं अर्धं वाक्यसुद्धा सांगितलं. म्हटलं, फॉर्म भरताना होस्टेलचं आणि फीचंही नीट विचारून घे, संकोच करू नकोस. त्यांनीच लिहिलंय ना वर.

ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भरू का मग?"

"भर की," म्हटलं आणि तिला आमच्या गच्चीवर घेऊन गेले. रेंज अजूनही त्याच कोपऱ्यात येते.